मजल्यामजल्यावर दोर ठेवण्याच्या ठरावाबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
टिळकवाडी, बेळगाव

विषय: आपत्कालीन दोरांची खरेदी थांबवून आधी विहीर, जिना आणि खिडक्यांचं काम हाती घेण्याबाबत

माननीय अध्यक्ष, सप्रेम नमस्कार.

मागच्या सर्वसाधारण सभेत असं ठरलं की प्रत्येक मजल्यावर गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर ठेवायचा आणि एक दोर विहिरीच्या कठड्याला कायमचा बांधायचा. सुरक्षिततेचा विषय सभेत निघाला आणि समितीने तो लगेच मनावर घेतला, याचं मला मनापासून समाधान वाटलं. तरीही ही खरेदी आत्ता करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सवय नसलेल्या माणसाला नुसता दोर वाचवत नाही. उलट दोर हाताशी आहे म्हणून तो खिडकीबाहेर पाय टाकेल आणि निम्म्यावर त्याचे हात सुटतील. मी बरीच वर्षं सह्याद्रीतले गडकिल्ले करते आणि दोरावर चढण्या-उतरण्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं आहे. त्यामुळे याबाबतीत गप्प बसणं मला बरं वाटेना.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह बदलायला एक मुलगा आला होता, ते आपल्यापैकी काहींना आठवत असेल. वयाने विशीतला, अंगाने काटक. उतरताना तो दोर धरून आणि दगडी कपारीत पाय रोवत सहज खाली गेला. काम झालं आणि वर यायला निघाला, तेव्हा दोन पुरुष उंचीही चढून झाली नाही. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरेना, दोर भिजून निसटायला लागला, हात थरथरायला लागले. शेवटी वरून दुसरा दोर सोडून, त्याच्या काखेखालून बांधून, चौघांनी त्याला ओढून काढला. कठड्यावर बसल्यावर त्याने तळहात उघडले, तेव्हा बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून गुलाबी मांस दिसत होतं. कष्टाची सवय असलेल्या तरुण मुलाची ही गत झाली. तिथे आपल्या सोसायटीतल्या पन्नाशी-साठीच्या माणसांनी काय करायचं?

कारण साधं आहे. माणसाचं वजन पेलायची ताकद पायांत असते, हातांत नसते. जिना चढताना आपण अख्खं शरीर पायांवर उचलतो आणि ते जाणवतही नाही. लोंबत्या दोरावर तेच वजन मनगटांवर आणि बोटांवर येतं. मूठ फार तर मिनिटभर टिकते. दोराला गाठी मारल्या तर पायांच्या चिमटीत गाठ धरून क्षणभर दम खाता येतो, पण मूठ सोडता येत नाही ती नाहीच. शिवाय प्रत्येक गाठीपाशी दोराची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने घटते आणि भिजलेला नायलॉन आणखी दहा-पंधरा टक्के कमी भरतो. उतरतानाही तेच. मूठ सैल पडली की माणूस घसरतो आणि घसरणारा दोर तळहात भाजून काढतो. भाजलेला हात दोर धरून ठेवत नाही.

म्हणून गिर्यारोहकांनी जेवढ्या युक्त्या काढल्या, त्या सगळ्या वजन हातावरून काढून पायांवर आणि कमरेवर टाकण्याच्या आहेत. सगळ्यात साधी युक्ती ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रूसिक यांनी १९३१ मध्ये मांडली. मुख्य दोरापेक्षा बारीक, समजा सहा मिलिमीटरच्या दोरीचं एक बंद वळं करायचं आणि ते मुख्य दोराभोवती स्वतःच्याच आतून तीनदा फिरवून घ्यायचं. त्यावर वजन पडलं की गाठ दोराला करकचून धरते, वजन काढलं की बोटांनी वर सरकते. अशी दोन वळी लागतात. एक कमरेच्या पट्ट्याला (म्हणजे मांड्यांतूनही जाणारा, बसता येईल असा हार्नेस), दुसऱ्यात पाय. पट्ट्यावर बसायचं, गुडघा वर घेऊन पायाची गाठ सरकवायची, त्या पायावर उभं राहायचं, कमरेची गाठ सरकवायची, पुन्हा बसायचं. वीतभर-हातभर असं माणूस वर येतो आणि मध्ये हवा तेवढा वेळ बसून दम खातो. १९५८ मध्ये दोघा स्विस गिर्यारोहकांनी हेच काम करणारी धातूची मूठ बनवली, तीच जुमार. तिच्या आतली दातेरी कळ दोरावरून वर जाते, पण खाली येत नाही. गाठ बांधायला शिकावं लागतं, जुमार तयार बसवून ठेवता येते. एवढाच व्यवहारातला फरक.

पण ही साधनंसुद्धा, समोर ठेवली आणि झालं, अशी नाहीत. पाण्यात पडून नाकातोंडात पाणी गेलेला माणूस पट्टा घालून जुमारमध्ये पाय अडकवणार नाही. त्यामुळे विहिरीसाठी मला दोन वेगळ्या सोयी हव्याशा वाटतात.

अपघाताने पडणाऱ्यासाठी भिंतीत पक्की बसवलेली गंज न धरणाऱ्या पोलादाची शिडी, जी उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्याही खाली जाईल. पावसाळ्यात आपली विहीर कठड्यापासून हातभर अंतरापर्यंत भरते आणि एप्रिलमध्ये पाणी तळाला जातं. शिडी पावसाळ्याचा हिशोब करून लावली तर ती उन्हाळ्यात अधांतरी लटकेल. शिडीच्या पायऱ्या भिंतीला चिकटून नकोत, बुटाचं पुढचं टोक आत जाईल एवढं अंतर हवं. नुसती दोराची शिडी नेमकी इथेच फसते. ती भिंतीला चिकटते, पायऱ्या मुडपतात आणि मोकळी लोंबत असेल तर पाय पुढे जाऊन माणूस मागे झुकतो. शिडीजवळ एक तरंगणारं कडं आणि त्याला पॉलिप्रॉपिलीनचा दोर बांधून ठेवावा. हा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. पडलेल्याच्या हाती कडं लागलं की शिडीपर्यंत ओढता येतं. आणि विहिरीवर जाळी. ती तर पाऊस सुरू व्हायच्या आत बसायला हवी.

दुसरी सोय कामाला उतरणाऱ्यांसाठी. पंपवाला असो की गाळ काढणारा, कमरेचा पट्टा, दोन जुमार आणि वरून दुसऱ्या माणसाने धरलेला सुरक्षेचा दोर यांच्याशिवाय उतरू द्यायचं नाही, असा नियम आपण करूया. हा संच सोसायटीचाच असावा. हातावर पोट असलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा धरणं बरोबर नाही. वरती दोन कप्प्यांची (पुलींची) जुळणी ठेवली तर साठ किलोचा माणूस उचलायला वीस किलो आणि वर घर्षणापुरता जोर पुरतो, चौघांची झटापट लागत नाही. मात्र जुन्या रहाटाच्या गजावर माणसाचं वजन कधीही टाकू नये. तो गज कठड्यात जिथे शिरतो, तिथे गंजून पापुद्रे सुटलेले आहेत. समितीने एकदा जवळ जाऊन पाहावं. आणि छातीभोवती नुसता दोर बांधून कुणाला लटकत ठेवू नये, काही मिनिटांतच श्वास कोंडतो.

सेप्टिक टँक आणि जमिनीखालच्या टाकीबद्दल थोडक्यात सांगते. तिथे दोर असो वा शिडी, आत कोणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उतरायचं नाही. आतल्या वायूने वाचवायला गेलेलाही जातो. सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे, ते काम यंत्राच्या गाडीनेच व्हावं.

आता इमारत. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) १५ मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच इमारत धरते. आपली त्याखाली येते, म्हणून बऱ्याच गोष्टी आपल्या आपल्यालाच ठरवाव्या लागतील. आगीत पहिला मार्ग जिनाच. दोरांवर एक रुपया खर्च करण्याआधी जिन्यातल्या सायकली, चपलांची कपाटं, दुसऱ्या मजल्यावरचं जुनं लाकडी कपाट आणि मीटरच्या खोलीतली रद्दी हलली पाहिजे. जिना धुराने भरला असेल तर घराचं दार लावून फटीत ओली फडकी कोंबायची, बाल्कनीत उभं राहून हाक मारायची आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. बहुतेक वेळा हेच सगळ्यात सुरक्षित असतं.

आणि तेही शक्य नसेल तेव्हा? तेव्हा खिडकी. पण आपल्या खिडक्यांना काय आहे? चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली ग्रिल. तिसऱ्या मजल्यावर जगातलं कितीही चांगलं साधन आणून ठेवलं, तरी ग्रिल उघडत नसेल तर ते आतच राहणार आणि माणूसही आतच राहणार. प्रत्येक फ्लॅटच्या एका तरी ग्रिलला बिजागरी लावून उघडणारं दार करणं आणि त्याची किल्ली खिडकीपाशीच, पण लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवणं, हे माझ्या मते या सगळ्या पत्रातलं सगळ्यात निकडीचं काम आहे. चोराची भीती मलाही समजते. कुलूप लावूया की, पण उघडणारं दार तरी असू दे.

त्यानंतर साधनाचा विचार करता येईल. जपान आणि दक्षिण कोरियात हॉटेलांत आणि मध्यम उंचीच्या इमारतींत हळू उतरवणारं एक यंत्र भिंतीवरच्या डब्यात ठेवलेलं असतं. त्याला वीज लागत नाही. माणूस खाली जायला लागला की दोराबरोबर आतली चाकं फिरतात. वेग वाढला की आतले तुकडे बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन कडेला घासतात आणि आपोआप ब्रेक लागतो. तिथल्या मानकांनुसार वेग सेकंदाला १६ सेंटिमीटर ते दीड मीटर यांच्या मध्येच राहावा लागतो, म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरून माणूस फार तर दीड मिनिटाच्या आत जमिनीवर येतो. मुठीचं काम यात नाहीच. पट्टा काखेखालून घालून छातीवर आवळायचा, यंत्राचा आकडा (हुक) नीट लागला आहे हे पाहायचं, दोराची रीळ खाली टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून बाहेर यायचं. हात डोक्यावर नेले तर पट्टा वर निसटू शकतो, म्हणून दंड अंगाशी धरायचे आणि तळव्यांनी भिंत सांभाळायची. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दोराच्या दोन्ही टोकांना पट्टे असतात. एक माणूस खाली पोचतो तेव्हा दुसरा पट्टा वर आलेला असतो आणि पुढचा माणूस लगेच उतरू शकतो. वजनाच्या किमान आणि कमाल मर्यादा मात्र पाळाव्या लागतात, लहान मुलाला एकटं पाठवायचं नसतं.

असं एकेक यंत्र आपल्या दोन्ही विंगांच्या सामाईक बाल्कनीत बसवावं. आकडा मात्र रेलिंगला, ग्रिलला किंवा पाइपला लावायचा नाही. युरोपीय मानकात एका माणसाच्या अँकरने, म्हणजे आकडा अडकवायच्या पक्क्या खुंटीने, १२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १२०० किलोचा ताण सोसला पाहिजे. आपल्या रेलिंगवर वाळत घातलेली सतरंजी ओढली तरी ते हलतं. स्ट्रक्चरल इंजिनियरने दाखवलेल्या बीममध्येच बोल्ट बसवून, वजन टाकून, तपासूनच ते घ्यावं.

दोर ठेवायच्या जागेबद्दलही एक सांगायचं राहिलं. सभेत मीटरच्या खोलीचं नाव निघालं होतं. तिथे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आहेत. ॲसिड नायलॉनला आतून खातं आणि बाहेरून काही दिसत नाही. उन्हानेही तेच होतं. जो दोर घेऊ तो कोरड्या, सावलीच्या डब्यात राहील, वर खरेदीचं वर्ष लिहिलेलं असेल आणि वापरला नाही तरी दहा वर्षांत बाद होईल. डब्यावर चित्रांसह सूचना मराठी आणि कन्नड दोन्हीत हव्या, कारण वॉचमन आणि कामवाल्या मावशी यांनाही त्या वाचता आल्या पाहिजेत.

माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना यातलं काहीच जमणार नाही. इमारतीत असे आणखीही काही जण आहेत. त्यांच्यासाठी जिन्यावरून खाली नेता येणारी एक घडीची खुर्ची घ्यावी आणि कोणत्या घरात कोण आहे याची यादी वॉचमनकडे असावी. अडचणीच्या वेळी कोणाकडे कोणी धावायचं हे आधीच ठरलेलं बरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदमच फुगल्या होत्या, तेव्हा जिल्हाभर मदतीची पथकं कुठे कुठे पुरणार होती? पहिली मदत शेजाऱ्याचीच असते.

म्हणून दोरांची ऑर्डर रद्द करून तीच रक्कम विहिरीची जाळी आणि शिडी यांच्यासाठी वापरावी, आणि ग्रिलच्या दारांसाठी एकाच वेल्डरकडून सगळ्यांचं मिळून दर ठरवावा. उतरण्याच्या यंत्राची, अँकरच्या कामाची आणि जुमार संचाची कोटेशन्स मी स्वतः आणून समितीपुढे ठेवते. अग्निशमन दलाला प्रात्यक्षिकासाठी पत्र द्यायचं असेल तर मसुदा तयार करून देते. आपल्या कॉलनीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे आहेत, त्यांना विचारलं तर तेही आनंदाने शिकवतील. दोरावर बसून वर कसं यायचं ते मी येत्या रविवारी सकाळी पार्किंगमधल्या बीमवर, जमिनीपासून हातभर उंचीवरच, करून दाखवायला तयार आहे. समितीची परवानगी शनिवारपर्यंत कळवावी, म्हणजे सामान घेऊन येता येईल.

आपली विश्वासू,
एक रहिवासी, बी विंग, तिसरा मजला