हरिपूरच्या तात्यांना जाहीर पत्र

तात्या, सा. न.

गळानं मासे धरायला शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विडी पेटवली असती. म्हणून लिहितोय.

माझ्या पेटीतलं प्लास्टिकचं गांडूळ बघून तुम्ही पोटभर हसला होता. "ह्या रबराला कोण खुळं तोंड लावतंय?" अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाचा मासा लावतो, तात्या. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम यांनी १९४९ मध्ये असली मऊ गांडुळं बनवली. बास पाणगवताच्या आडोशाला दबा धरतो, त्याच्यासाठीच टेक्सास रिग नावाची ही जोडणी: पुढं दोऱ्यावर सरकणारं गोळीसारखं शिसं, मागं गळ, आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच रोवलेलं, म्हणजे गवतात अडकत नाही. हे मला व्हिडिओ बघून पाठ होतं. पण कृष्णेत बास नाही, मरळ आहे. ती कुठल्या केंदाळाखाली, म्हणजे जलपर्णीखाली, बसलीय, हे कुठला व्हिडिओ सांगणार?

ते तुम्ही दाखवलंत. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून आधी नुसतं बघत बसायचं, बुडबुडा कुठं फुटतोय ते. मग केंदाळातल्या त्या फटीच्या पलीकडं टाकून गांडूळ पानांवरून सावकाश ओढायचं, फट आली की दोरा सैल सोडायचा. बुडता बुडताच घास लागतो. दोरा आपोआप बाजूला सरकला की तुम्ही माझं मनगट धरायचात. "थांब. घिऊ दे तोंडात." मग हिसका, आणि लगेच वर, खाली बुडी मारू दिली की ती देठांत गुंडाळून बसते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, सोडून विणलेला दोरा घे, हेही तुमचंच सांगणं.

सगळ्यात जास्त आभार मात्र त्या पावसाळ्यातल्या सकाळचे. पाण्यावर लालसर पिलांचा घोळका होता, खाली आईबाप राखणीला. अशी मरळ समोर येईल त्यावर झेप घेते. तुम्ही रॉडच काढून घेतलात. "ही उचलली तर पोरं कोण सांभाळणार, तू?" आणि मग घरी नेऊन चहा पाजलात.

मरळीच्या दातांनी फाटलेली गांडुळंसुद्धा तुम्ही नदीत टाकू देत नाही. माझ्या प्रत्येक पँटच्या खिशात चिंध्या आहेत. आई वैतागलीय.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की येतो. जांभळ्या गांडुळांचं एक पाकीट तुमच्यासाठी ठेवलंय. त्याच पाकिटात राहू द्या, दुसऱ्या प्लास्टिकच्या डबीत घातली तर वितळून चिकटतात.

तुमचा,
गणपती पेठेतला पोरगा