पाठ करू नकोस, हलवून बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

चल, म्हणजे हलणाऱ्या, सांध्यांचे प्रकार पाठ होत नाहीत, असं तू बाबांना म्हणालीस. अगं, सगळे सांधे तुझ्या अंगावरच आहेत. चाचणीला बरोबर नेलेस तरी कोणी कॉपी म्हणून पकडणार नाही.

कोपर टेबलावर टेकव. हात वाकतो नि सरळ होतो, तो बिजागरीचा सांधा. आता कोपर न हलवता तळहात उताणा-पालथा कर. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत. तळहात पालथा होताना अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून फिरतं आणि दोघांची फुली होते. मानेतही असंच फिरणं आहे. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते, तिच्याभोवती पहिला मणका फिरतो. 'नाही' म्हणून मान हलते ती तिथे, त्यामुळे तुझा तो सांधा उत्तम सरावात असणार! 'हो'ची मान त्याच्या वर हलते, कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मध्ये.

सरकता सांधा मनगटात बघ. तिथली आठ छोटी हाडं एकमेकांवरून जराशी सरकतात. एवढं लिहिलंस तरी पुरे.

खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे म्हणून एकाच ओळीत बसवतात, ते मला तितकंसं पटत नाही. खुब्याची उखळ खोल असते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसतो. खांद्याची उखळ कसली, बशीच ती! म्हणून हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच खांदा सहज निखळतो. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्यांत निखळलेले खांदे नेहमीचे. खुबा क्वचितच, आणि तोही बहुधा गाडीच्या अपघातातला.

आता गुडघा. परीक्षेत 'बिजागरीचा' असंच लिही, मार्क मिळतील. पण खुर्चीत बसून, मांडी हातांनी धरून, पाऊल आत-बाहेर वळवून बघ. नडगी थोडी फिरते ना? पाय पूर्ण सरळ झाला की ते फिरणं जवळजवळ बंद होतं. खो-खोत खांबाला वळसा घालताना पाऊल जमिनीत रोवलेलं आणि अंग भलतीकडे वळलेलं असेल, तर सगळा पीळ गुडघ्यातल्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यांवर येतो. ते तुटले तर वर्षाचा खेळ जातो. वळताना आणि उडीनंतर टेकताना गुडघा किंचित वाकलेला हवा, पावलाच्या बोटांच्या रेषेत. आत झुकू देऊ नकोस.

आणि हो, बोटं मोडल्याने संधिवात होतो, हे आजीचं म्हणणं तिच्याशी वाद न घालता सोडून दे. तो आवाज हाडं घासल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा असतो. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी अनेक दशकं एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हात सारखेच धड राहिले. त्यासाठी त्यांना 2009 मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं.

सुट्टीला येताना खेळायचे बूट घेऊन ये. तळवे कुठल्या बाजूने झिजलेत ते मला बघायचंय.

तुझी,
आई