साठ टक्क्यांची चाळण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दहावी, बारावी, पदवी सलग ६० टक्के, फक्त बी.ई. किंवा एम.सी.ए.’ ही ओळ प्रोग्रॅमरच्या जाहिरातीत इतकी रुळली आहे, की ती का घालायची हे कोणी विचारत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) ठेवताना आयटीआयचा कागद बघतात, पण तिथेच थांबत नाहीत. हातात ड्रॉइंग आणि रॉड देतात, लेथवर उभे करतात आणि उतरलेला जॉब मायक्रोमीटरने मोजतात. कोल्हापुरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी एवढे तरी करावे.

चाचणीला कोडी नकोत, रोजचे काम द्यावे. समजा, ऊस वजनकाट्याच्या १ लाख पावत्यांची फाइल दिली आणि दुबार पावत्या शोधायला सांगितल्या. वेळ दोन तास, इंटरनेट चालू. लूपच्या (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सूचनांच्या) पोटात लूप घालून प्रत्येक पावती प्रत्येक पावतीशी ताडली तर १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटी तुलना होतात. दहा ओळींच्या नमुन्यावर झकास चाललेला प्रोग्रॅम खऱ्या फाइलवर बसकण मारतो. पावती क्रमांक डिक्शनरीत (क्रमांक आधी आला का, हे झटकन सांगणाऱ्या यादीत) टाकत गेले की फाइल एकदाच वाचून भागते.

फाइलमध्ये मुद्दाम खोड्याही ठेवाव्यात. काही क्रमांकांच्या शेवटी एक स्पेस सोडावी. डोळ्यांना दोन्ही क्रमांक सारखे, प्रोग्रॅमला वेगळे. रक्कम दशांशात द्यावी. ४.३५ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणून अपूर्णांक छाटला, की बहुतेक भाषांत ४३५ ऐवजी ४३४ हाती येतात, कारण संगणक ४.३५ हा आकडा किंचित कमी साठवतो. म्हणून जाणकार आधीपासूनच पूर्ण पैशांत हिशेब ठेवतो. गावांची नावे मराठीत असू द्यावीत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेला आणि जोडाक्षरातल्या हलंतालाही, ३ बाइट लागतात. २० बाइटच्या रकान्यात ‘शिरोळ’ मावते (१५), ‘कोल्हापूर’ मावत नाही (२७).

मग शेजारी बसून म्हणावे, ‘आता काटे दोन झाले, एकच क्रमांक दोन्हींवर आला तरी तो दुबार नाही. बदल करून दाखव.’ एआयकडून आयता उतरवून घेतलेला कोड याच वीस मिनिटांत उघडा पडतो.

याचा अर्थ पदवी फुकट, असा नाही. डिक्शनरी वेगवान का, हे डेटा स्ट्रक्चर्सच्या (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धतींच्या) तासालाच कळते. कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) किंवा मशीन लर्निंगमध्ये गणित कच्चे असेल तर माणूस अडतोच. पण तो विषय येतो की नाही, हे दहावीच्या ५८ आणि ६२ टक्क्यांतल्या फरकावरून कसे कळणार?

खरा अन्याय पगारात होतो. समजा, बी.एस्सी. झालेल्याला १५ हजारांवर आणि बी.ई.ला २५ हजारांवर घेतले, आणि दोघांनाही दरवर्षी १० टक्के वाढ दिली. पाच वाढींनंतर १० हजारांची तफावत १६ हजारांपुढे जाते, काम दोघांचे एकच असले तरी! पहिला पगार पदवी बघून दिलात तर एक वेळ समजू शकते. दोन वर्षांनंतर मात्र कोणाच्या कोडमध्ये किती बग (चुका) परत येतात, रात्री सर्व्हर बसला तर कोणाला फोन जातो, हे बघून पगार नव्याने बांधावा. टक्केवारीने फुगवू नये.

जिथे कागद लागतोच, तिथे तसे जाहिरातीत लिहावे. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी लागते. नसल्यास एका शैक्षणिक वर्षाला तीन वर्षांचा अनुभव धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षे. शिरोलीच्या फाउंड्रीच्या बिलिंगचा प्रोग्रॅम लिहायला कसला व्हिसा?

आणखी एक. चाचणी दोन तासांवर जाऊ नये. ‘असाइनमेंट’ म्हणून आठवडाभराचे काम फुकटात करून घ्यायची खोड काही ठिकाणी आहे. एवढे काम हवे असेल, तर त्याचे पैसे द्यावेत.

– सॉफ्टवेअर क्षेत्रातील एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर