दिवाणजी काका, देखाव्याचं श्रेय तुमचं

आदरणीय दिवाणजी काका,

सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते. यंदा गणपतीत आमच्या मंडळाच्या सजीव देखाव्यापुढं रांग लागली, काहीजण तर घरच्यांना घेऊन पुन्हा आले. संहितेवर नाव माझं होतं. त्यातलं सगळं सत्त्व मात्र तुमच्या वहीतून आलेलं, आणि हे मंडळाबाहेर कुणाला ठाऊक नाही.

पोरांच्या डोक्यात विषय पक्का होता : शाहू मिल, शाहू महाराजांच्या काळातली कोल्हापूरची कापडगिरणी. पुठ्ठ्याची उंच चिमणी, रेकॉर्ड केलेला भोंगा, फेटा बांधलेले महाराज, शेवटी कुलूप लागलेलं फाटक आणि सनईचा करुण सूर. कोल्हापुरात डोळ्यांत पाणी आणायला एवढं पुरतं. तुम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसून सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "ह्यात पगार कुठल्या तारखेला हाय?"

कुणाला उत्तर देता येईना. तिथून देखावा बदलला.

महाराजांवरचा प्रवेश तुम्ही आधी हातात घेतलात. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. १८९४ ला महाराज गादीवर बसले, पुढच्याच वर्षी शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाला बाजार मिळाला. मिल आली १९०६ ला. राधानगरीच्या धरणाचं काम त्यानंतरचं. पोरं ही सालं वेगवेगळी पाठ करत होती. तुम्ही ती एका ओळीत ओवलीत. कापसाच्या गाठी आत यायला आणि तागे बाहेर जायला रेल्वे पाहिजे, व्यापाऱ्याला बसायला पेठ पाहिजे, शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळायला पाणी पाहिजे. "मिल म्हणजे नुसती इमारत नव्हं, ताई." हे वाक्य मी तसंच उचलून निवेदकाच्या तोंडी घातलं, तुम्हाला न विचारता.

मग तुम्ही सगळ्यांना कोल्हापूरच्या बाहेर काढलंत. मिलच्या हजेरीखात्यात तुमची उमेदवारी झाली खरी, पण हयात गेली ती इचलकरंजीत एका मागवाल्याकडं दिवाणजी, म्हणजे हिशोबनीस म्हणून. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ ला पहिला यंत्रमाग बसवला, म्हणजे शाहू मिलच्याही दोन वर्षं आधी. हे ऐकून आमच्या पोरांचे चेहरे पडले. कोल्हापूरच्या आधी इचलकरंजी, हे पेठेतल्या माणसाला पचायला जड जातं! नारायणराव बाबासाहेब घोरपडे या जहागीरदारांनी उद्योगाला पाठबळ दिलं आणि त्या गावानं पुढं स्वतःची वाट धरली. इथं एक फाटक, एक भोंगा, एक हजेरीपुस्तक. तिथं गल्लोगल्ली पत्र्याच्या शेडात चार, आठ, बारा माग. मिलच्या चार भिंतींआड जे चालायचं ते तिथं गावभर पसरलेलं.

सुताचा व्यापारी, सुताला खळ लावणारा सायझिंगवाला, उभे धागे ओवून देणारा वहिफणीवाला, मागवाला, धोट्यातल्या कांडीवर सूत भरणाऱ्या बायका, कापडातले दोष काढणारं मेंडिंग, घडी, दलाल, आणि तिथून ट्रकनं थेट राजस्थानात बालोतऱ्याला रंगायला जाणारं कापड. ही साखळी तुम्ही फळ्यावर काढलीत आणि खाली उलट्या दिशेचे बाण मारलेत, ते पैशाचे. कापड पुढं जातं, पैसा मागं येतो, आणि येताना प्रत्येक टप्प्यावर थोडा थांबतो. खर्चीवाला मागवाला स्वतःचं सूतच घेत नाही. व्यापाऱ्याचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ, लावायचं, मीटरमागं ठरलेली मजुरी घ्यायची आणि त्यातून लाईटबिल, कामगार, माग दुरुस्त करणारा जॉबर, शेडचं भाडं भागवायचं. मालक म्हणायचं आणि स्वतःही एका परीनं मजूरच. हे एका वाक्यात बसवायला मला फार घासाघीस करावी लागली.

तुमचा हिशोब तर मी अख्खाच्या अख्खा घेतला. ५२ पिकाचं कापड, म्हणजे एका इंचात आडवे ५२ धागे. मीटरचे इंच ३९.३७, तेव्हा एका मीटरला आडवा धागा नेणारा धोटा २,०४७ वेळा या टोकाहून त्या टोकाला जायला हवा. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटे मारतो. बारा तासांची पाळी एकदाही न थांबता चालली तरी ५२-५३ मीटर. प्रत्यक्षात धागा तुटतो, कांडी संपते, लाईट जाते. धोटा थांबला की मीटर थांबलं, मीटर थांबलं की मजुरी थांबली. लाईट गेल्याचा आवाज इचलकरंजीत सगळ्यात मोठा असतो, असं तुम्ही म्हणालात. आमच्या साऊंडवाल्या पोरानं तेवढ्यावरून अर्धा देखावा रचला : मागांचा खडखडाट चढत जातो, कानठळ्या बसतात आणि एकदम बंद. रांगेतली लहान पोरं दचकून आईला बिलगायची.

आणि ते सुताचं गणित! काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप. ४० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लड्या. एकूण ३३,६०० वार, सुमारे ३०.७ किलोमीटर. "म्हणजे एस.टी.नं इचलकरंजीला जाईपर्यंत एक पौंड सूत पुरतंय की," असं आमचा लाईटवाला म्हणाला आणि तुम्ही खूश होऊन त्याला भजी खिलवलीत.

पगाराची तारीख शेवटी देखाव्याच्या मधोमध आली. किराणा दुकानदाराची भूमिका करणाऱ्या मुलाला तुम्ही वही कशी उघडायची, कुठल्या गिऱ्हाइकाकडं चष्म्यावरून बघायचं, कुणाला न बघताच तेल मोजून द्यायचं, हे शिकवलंत. खानावळीचा महिना, भिशीचा हप्ता, पतसंस्थेचं कर्ज, मंडळाची वर्गणी, सगळं त्याच पाकिटातून. खंडेनवमीला मागाला हार घालायचा आणि मनात बोनसचा आकडा जुळवायचा. पूजा आणि बोनस यांच्यामधले ते दिवस तुम्ही रंगवून सांगितलेत. ते लिहिताना मला सर्वांत मजा आली.

दोन ठिकाणी आपलं जमलं नाही, तेही लिहून टाकते. भोंगा तुम्हाला नको होता, "रडवायची कामं" म्हणून. मी ठेवला. मिल २००३ ला बंद झाली, तरी त्या भोंग्यावर घड्याळ लावलेली माणसं अजून आपल्या आसपास राहतात. त्यांचा तेवढा हक्क आहे असं मला वाटतं. दुसरं म्हणजे पंचगंगा. सायझिंगपासून दलालापर्यंत बोलणारे तुम्ही, कापडाच्या प्रोसेसिंगचं रंगीत पाणी नदीत जातं म्हटल्यावर सुपारी कातरायला लागलात. ती ओळ मी घातलीच. पहिल्या दिवशी ती ऐकून तुम्ही काही बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र निवेदकाला म्हणालात, "ती नदीची ओळ जरा सावकाश म्हण, कळंना झालीय." त्याबद्दल वेगळे आभार.

मंडळाला बक्षीस मिळालं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तांत्रिक देखाव्यांच्या झगमगाटापुढं हिशोबाच्या वहीचं काय चालणार? पण गिरणीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे मांडवात येऊन पोरांना धोटा धरायची पद्धत दाखवून गेले, आणि एका आजींनी कांडी भरणाऱ्या मुलीचा हात धरून अंगठा कुठं ठेवायचा ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पोरीचा अभिनयच बदलला.

तुमची वही माझ्याकडं आहे. झेरॉक्स काढून झाली, रविवारी आणून देते. पुढच्या वर्षासाठी पोरांनी आत्तापासूनच गुळाचा विषय काढलाय आणि शाहूपुरीतले जुने अडते तुमच्या ओळखीचे आहेत अशी पक्की खबर आहे. तेव्हा चहा दोन कप जास्त टाकायला सांगा, अध्यक्ष आणि खजिनदारही येणार आहेत.

तुमची,
देखाव्याची लेखिका