उद्यानातली शाळा आणि नकाशावरचा चौकोन

मा. संपादक,

लहान वस्तीत शाळेसाठी जागा शोधायची वेळ आली की पहिलं बोट सार्वजनिक उद्यानावर जातं. भूसंपादन नको, मोबदला नको. सभेत नकाशा लावला जातो, हिरव्या पट्ट्यात छोटा चौकोन दाखवतात आणि सांगतात, ‘जेमतेम एक कोपरा जाईल.’ तो चौकोन खोटा नसतो, अपुरा असतो.

8 वर्गांची, प्रत्येकी 30 मुलांची शाळा धरू. 50 चौ.मी.ची एक खोली म्हणजे 400 चौ.मी. व्हरांडे, जिना, स्वच्छतागृहं, कार्यालय, स्वयंपाकघर यांचे आणखी 250. दुमजली बांधली तर जमिनीवर 325 चौ.मी., समजा 25 बाय 13 मीटर. सभेत दाखवतात तो हाच चौकोन. आता आगीचा बंब फिरावा म्हणून चारी बाजूंना 6 मीटर सोडा. 37 बाय 25, म्हणजे 925 चौ.मी. जवळजवळ तिप्पट! यात पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, शोषखड्डा, सायकलींची शेड, मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्यांचा थांबा काहीच धरलेलं नाही. 240 मुलं प्रार्थनेला उभी करायची तर आणखी अडीचशे. आणि क्रीडांगण? ते कोणी मोजतच नाही, कारण ‘समोर उद्यान आहेच.’ पुढे मुलांच्या सुरक्षिततेसाठी कुंपण येतं आणि ते नेमकं त्या न मोजलेल्या जागेभोवती पडतं.

म्हणून मंजुरीआधी कुंपणाच्या रेषेसकट संपूर्ण मांडणी नकाशा मागावा. त्याहून बरं, एखाद्या सुटीच्या दिवशी जागेवर खुंट्या ठोकून चुन्याने आखून दाखवायला सांगावं. कागदावर न कळलेलं चुन्याच्या रेघेवर उभं राहिलं की लगेच कळतं.

जमीनही तपासून घ्यावी. बांधकामाला गैरसोयीची म्हणूनच पुष्कळदा एखादी जागा उद्यानाला सुटलेली असते: सखल, नाल्याकाठची किंवा भराव टाकलेली. निविदेआधी चाचणीखड्डे (खालची माती पाहण्यासाठी खणलेले खड्डे) घेतले नाहीत तर पाया अंदाजाने ठरतो, भराव असमान दबतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. पाण्याचंही तेच. 925 चौ.मी. छत आणि फरसबंदीवर 50 मि.मी. पाऊस पडला की सुमारे 46,000 लिटर पाणी होतं. आधी त्यातलं बरंच जमिनीत मुरत होतं. आता ते उताराच्या घरांकडे जाणार. गटाराचा शेवट कुठे, हे नकाशावर दिसलंच पाहिजे.

झाडांबाबत ‘एकही झाड तोडणार नाही’ हे आश्वासन पुरेसं नाही. बांधकामाजवळची झाडं जपण्यासाठीच्या ब्रिटनमधल्या बीएस 5837 या मानकात सोपा नियम आहे: खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येत खोदकाम, भराव, वाहतूक काही नको. 50 सें.मी. व्यासाच्या झाडाला 6 मीटर त्रिज्या, म्हणजे सुमारे 113 चौ.मी. बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात. बुंध्याशी खडी-वाळूचा ढीग, सिमेंटचं धुवण, ट्रकची ये-जा, इतकं पुरे होतं. माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते. त्यामुळे झाडांभोवतीचं कुंपण ही निविदेतली पहिली बाब हवी, पहिलं खोदयंत्र जागेवर येण्याआधीची.

मुळात शाळा लागणार किती मोठी, हेही विचारावं. आजचा जन्मनोंदींचा आकडा सहा वर्षांनी पहिलीत येतो. लहान वस्तीत तो भराभर बदलतो, तेव्हा मागच्या दहा वर्षांच्या नोंदी मांडल्या की 8 वर्ग लागतात की 5, ते दिसेल.

तरीही उद्यानच निवडायचं असेल तर बदली जागा आधी ताब्यात हवी, ‘पुढे देऊ’ नव्हे. अमेरिकेत 1965च्या एका कायद्यानुसार संघीय निधी मिळालेल्या उद्यानाचा वापर बदलायचा तर तितक्याच किमतीची आणि तितकीच उपयोगी जागा द्यावी लागते. यातला ‘उपयोगी’ हा शब्द महत्त्वाचा. वस्तीबाहेरचा खडकाळ तुकडा किमतीत बसेल, पण आजीआजोबा तिथवर चालत जाणार नाहीत. आपल्याकडे 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूतली उद्यानाची राखीव जागा खासगी रुग्णालयाला देणं रद्द ठरवलं होतं. शाळा सार्वजनिक असेल तर प्रश्न तितका सरळ नाही, हे मान्य; पण आरक्षण बदलण्याची रीतसर प्रक्रिया आणि हरकतींची सुनावणी त्यामुळे टळत नाही.

राहिला सामायिक मैदानाचा मुद्दा. ‘शाळा सुटल्यावर सर्वांसाठी खुलं’ हे तोंडी ठरलं तर पहिली काच फुटेपर्यंतच टिकतं. वेळा, माळ्याचा पगार, दिव्यांचं बिल, नुकसानीची भरपाई आणि सुटीच्या दिवशी फाटकाची चावी कोणाकडे, एवढं करारात लिहून घ्यावं.

– एक स्थापत्य अभियंता वाचक