‘चौकशी करून सोडले’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबा बागांतल्या चोऱ्या वाढल्यामुळे पोलिसांनी रात्रीची गस्त आणि नाकाबंदी कडक केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. बागायतदारांना बरं वाटलं असणार. मलाही वाटलं, कारण माझ्या मेहुण्याची आंब्याची कलमं आहेत आणि तयार हापूस एका रात्रीत उतरवून नेला की खत-फवारणीचा सगळा खर्च अंगावर पडतो. पण त्याच बातमीत शेवटी एक वाक्य होतं : ‘काही संशयितांना चौकशी करून सोडून देण्यात आले.’ या वाक्याच्या पोटात काय काय असतं, ते सांगायला हे पत्र.

माझं सिंधुदुर्गातल्या एका तालुका कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी वकील नाही. पण नोटिसा, पंचनामे, रिमांडचे कागद, जामीन अर्ज सगळे माझ्या काचेवरून जातात, आणि काचेवरून गेलेला कागद वाचायची मला वडिलांपासूनची खोड आहे. ते टाइपरायटरवर बसायचे.

यंदा ओळखीच्या एका बागेत चोरी झाली. तिथे राखणीला नेपाळचा एक माणूस बायकोसह मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात राहतो. आपल्याकडे आता बहुतेक बागांत हेच लोक आहेत; गावची पोरं मुंबईत. रात्री पोलीस आले, मांगर उलटापालटा केला, त्याचा मोबाइल घेतला आणि त्याला जीपमध्ये घालून नेलं. दोन रात्री तो ठाण्यावर होता. बागायतदार विचारायला गेला तर उत्तर मिळालं, “अटक खंय केली? नुसतो बसवून ठेवलो हा.” मग सोडला. मोबाइल मात्र राहिला. पावती नाही. चोर कोण ते अजून कळलेलं नाही.

मधल्या सकाळी मला बोलावणं आलं. पंचनामा लिहून तयार होता, पंच म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं, मी रात्री माझ्या घरी होतो, मांगरात नव्हतो, मग मी काय बघितलं म्हणून सही करू? हवालदार हसत म्हणाले, “तुका काय करूचा आसा? सही मार आणि जा.” मी लेखी आदेश मागितल्यावर हसणं थांबलं. “तुमचो धंदो आमच्याच कागदांवर चलता मां?” हे खरंच आहे, चालतो. शेवटी रिक्षा स्टँडवरून कुणाला तरी आणलं असावं. ठाण्याचं नाव मुद्दाम देत नाही. हे एकाच ठाण्यापुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं, अधिकाऱ्यांना अर्ज दिला असता.

कायदा इथे काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, झडती, तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा) कलम १०३ सांगतं की झडतीला त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, झडती त्यांच्यासमोर व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी व्हावी, त्यावर त्यांच्या सह्या व्हाव्यात आणि घरात राहणाऱ्याला यादीची प्रत मिळावी. बोलावणं लेखी असेल तरच पंचाने नाही म्हणणं गुन्हा ठरतो. वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने कारण आधी लिहून ठेवायचं असतं. आणि कलम १०५ ने आता झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे, साध्या मोबाइलवर चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. त्या रात्री मांगरात मोबाइल घेणारे होते, चित्रीकरण करणारं कुणी नव्हतं.

‘बसवून ठेवलो हा’ याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे. संविधानाचं कलम २२ म्हणतं : अटकेची कारणं सांगा, वकिलाला भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. यातून सुटण्याची सोपी वाट म्हणजे अटक दाखवायचीच नाही. पण ही वाट मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालच्या एका निकालात बंद केली आहे : अटक सुरू होते ती माणसाला अडवून ठेवल्या क्षणापासून, अधिकाऱ्याने डायरीत लिहिलेल्या वेळेपासून नव्हे. या माणसाला जाऊ देत नव्हते, म्हणजे तो अटकेत होता. चोरीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सर्रास अटक करू नका, नोटीस देऊन बोलवा, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच बजावलं. बागेतला राखणदार ऐन हंगामात कुठे पळणार होता?

समजा रीतसर अटक केली असती, तर ६ नोव्हेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागू झाला असता. तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे. कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती अटक झालेल्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. ताबडतोब जमलं नाही तरी रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. आमच्या दुकानात येणारे असे कागद मराठीत असतात आणि खाली नेपाळी, कानडी किंवा बिहारी माणसाचा अंगठा असतो.

मांगर हे घर नव्हे असं कुणी म्हणेल. राहणाऱ्याला ते घरच आहे. घराच्या झडतीचा विषय संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरमध्ये निघाला होता. सभेचे एक सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखं कलम सुचवलं, विनाकारण झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणारं. बाबासाहेबांनी ते स्वीकारायची तयारी दाखवली, तरी सभागृहाने नामंजूर केलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अटकेपुरतं संरक्षण देणारा मसुदा बाबासाहेबांनी आणला, तेच आजचं कलम २२. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव म्हणून आपण कोकणात मिरवतो. त्यांचं हे कलम मात्र ठाण्याच्या भिंतीवर शोधावं लागतं.

झडतीचं कलम राहिलं ते राहिलंच. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की अमेरिकेसारखी तरतूद आपल्या संविधानात नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा कलम २१ खालचा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा कुठे घराच्या उंबऱ्याला घटनेचा आधार आला. तरी एक भोक उरलंच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाप्रमाणे झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या पोलिसाला चुकीच्या झडतीने पुरावा गमवायची भीती असते, आपल्याकडच्याला तेवढी नसते. म्हणूनच आपल्याकडे पंच, यादी, प्रत आणि चित्रीकरण यांना जपायला हवं. गरिबाच्या हातात दुसरं काही नाही.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असं नाही. १९९३ साली याच कोकण किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटकं उतरली, २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एके-४७ असलेली बेवारस नौका लागली. नाकाबंदी हवीच. गणवेशातल्या पोलिसाने गाडी थांबवून लायसन मागितलं तर दाखवावं, डिजिलॉकरमधलंही चालतं. पण लायसन बघता बघता “मोबाइल उघड, गॅलरी दाखव” सुरू होतं, आणि गोव्याहून परतणारी पोरं बिचारी दाखवतातही. लायसन मागण्याच्या अधिकारात गॅलरी येत नाही. मनुष्यबळ कमी आहे हेही मान्य, पण पावती लिहायला जादा माणूस लागत नाही.

माझ्या मागण्या लहान आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं ठाण्याच्या फलकावर लागायला हवीत, ती लागावीत. पंचनाम्यावर सही जागेवर व्हावी, ठाण्यातल्या टेबलावर नको. अटकेच्या कारणांचे नमुने जिल्हा पोलिसांनी नेपाळी, कानडी आणि हिंदीत तयार ठेवावेत. नेपाळी लिपी देवनागरीच असल्याने टाइप करायला वेगळा कीबोर्डही लागत नाही.

आणि त्या राखणदाराचा मोबाइल. त्यात त्याच्या घरचे नंबर आहेत, ते त्याला पाठ नाहीत. मिरग (मृगाचा पाऊस) लागला की तो गावी जाईल. त्याआधी मोबाइल परत मिळावा, किंवा निदान मुद्देमाल क्रमांक घातलेली पावती मिळावी. ती नेपाळीत कुणी लिहून दिली तर टाइप मी फुकट करून देतो.

आपला,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)