घोरण्यामधली शांतता

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

चवथीला तू दोन रात्री आमच्या घरी राहिलास, त्याला आता तीन आठवडे होतील. दुसऱ्या रात्री मी पाणी पिण्यासाठी उठलो, तेव्हा बाहेरच्या खोलीतून तुझे घोरणे ऐकू येत होते आणि ते एकाएकी थांबले. समईच्या उजेडात मी दारात उभा राहून मनातल्या मनात आकडे मोजले. पंचवीसपर्यंत मोजून झाले, तोवर तुझी छाती आणि पोट हलत होते, पण श्वास आत जात नव्हता. मग गुदमरल्यासारखा आवाज करून तू कुशीवर वळलास. मी तिथे असेपर्यंत असे आणखी तीनदा झाले. सकाळी तू म्हणालास, 'काय गाढ झोप लागली!' सर्वांसमोर मी काही बोललो नाही, याची मला अजून रुखरुख लागून राहिली आहे.

मला ते ओळखता आले, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असाच झोपत होतो. दुपारी डोळे मिटू लागत, पण आपल्या गोव्यात दुपारची झोप इतकी अंगवळणी पडलेली आहे की त्यात कोणालाच वावगे वाटले नाही. झोपेत श्वास अडण्याचा हा माझा आजार प्रथम हेरला तो दातांच्या डॉक्टरांनी. दाढेचा टवका उडाला म्हणून मी गेलो होतो. त्यांनी दाढ पाहिली आणि लगेच उपचार सुरू न करता मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. दातांचे माथे घासून सपाट झाले होते, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते, टाळू अरुंद होती आणि खालचा जबडा थोडा मागे होता. सकाळी डोके जड असते का, तोंड कोरडे पडते का, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, श्वास थांबतो असे घरी कोणी सांगितले आहे का, हे सारे त्यांनी शांतपणे विचारले. रात्री दातांवर बसवून दात वाचवणारे साधे नाईट गार्ड त्या तिथल्या तिथे देऊ शकल्या असत्या. त्यांनी ते दिले नाही, कारण दात घासले जाण्यामागे श्वासाचा अडथळा असेल, तर अशा गार्डने तो दूर होत नाही आणि काहींचा त्रास वाढतोही. त्यांनी स्पष्ट सांगितले की दंतवैद्याला शंका घेता येते, निदान मात्र झोपेच्या तपासणीनंतर डॉक्टरच करतात.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. श्वास किमान दहा सेकंद थांबला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण थांबणे आणि अर्धवट अडणे मिळून ताशी किती वेळा होते, त्यावरून आजाराची तीव्रता ठरते: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि त्यापुढे तीव्र. झोपेच्या तपासणीत माझा आकडा 18 आला. प्रत्येक वेळी मेंदू क्षणभर जागा होतो, आपल्याला त्याची आठवण राहत नाही, पण रक्तदाब चढतो. तुझा रक्तदाब दोन गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नाही, याचा या आजाराशी संबंध असू शकतो, हे तुझ्या डॉक्टरांना अवश्य सांग.

मला आधी सीपॅप यंत्र दिले. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारी ही पद्धत 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिवन यांनी मांडली आणि तीव्र आजारात आजही तिलाच पहिले स्थान आहे. मी तीन महिने प्रामाणिक प्रयत्न केला, पण मध्यरात्री नकळत मास्क काढून टाकत असे. तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा त्याच दंतवैद्यांकडे पाठवले. हिरड्या आणि जबड्याचे सांधे तपासून त्यांनी दातांची मापे घेतली आणि वरच्या व खालच्या दातांवर बसणारे असे साधन बनवले की त्याने खालचा जबडा पुढे धरला जातो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. एकदम पुढे न ओढता काही आठवडे थोडे थोडे सरकवत नेले. सुरुवातीला लाळ फार सुटे, सकाळी जबडा दुखे, आणि दात नीट जुळत नाहीत असे वाटे. त्यासाठी त्यांनी शिकवलेला व्यायाम मी अजून रोज करतो. दातांची ठेवण हळूहळू बदलू शकते, म्हणून वरचेवर दाखवावेही लागते. साधन तोंडात ठेवून पुन्हा झोपेची तपासणी केली, तेव्हा 18 चे 6 झाले होते. ही दुसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण घोरण्याचा आवाज गेला म्हणजे श्वास सुरळीत झालाच असे नाही.

तेव्हा घोरणे थांबवण्यासाठी घरच्या घरी गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार साचे कृपा करून मागवू नकोस. तपासणी होईपर्यंत पाठीवर झोपू नकोस, रात्रीची फेणी बंद ठेव आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

मला खरी भीती तुझ्या गाडीची वाटते. म्हापशाहून वेर्ण्याला जाताना झुआरी पुलावर डुलकी लागली होती, हे तू हसत सांगितलेस. ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. निदान होईपर्यंत कंपनीच्या बसने जा. वहिनींना एका रात्रीचा आवाज मोबाईलवर टिपून ठेवायला सांग, तो डॉक्टरांना ऐकवता येईल. पुढच्या शनिवारी मी रजा घेतली आहे. सकाळी नऊला तुझ्या दारात येतो. तुझ्या तपासणीच्या तारखेचे मी माझ्या डॉक्टरांकडे बोलून ठेवले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र